चालत्या ॲप्लिकेशनमधला एकच राउट बंद कसा करायचा: अपाची कॅमल शिकणाऱ्यांसाठी

समजा, संध्याकाळी सहाला गोदामात मालमोजणी सुरू व्हायची आहे आणि डीलरांच्या ऑर्डरी काही यायच्या थांबत नाहीत. मोजणी संपेपर्यंत त्या ऑर्डरी स्टॉकमधून वजा व्हायला नकोत. नवख्या टीमला अशा वेळी एकच उपाय सुचतो: सगळं ॲप्लिकेशन खाली आणायचं. पण बिलांचा डेटा त्याच ॲप्लिकेशनमधून जातो, बँकेची स्टेटमेंटं त्यातूनच येतात, आणि एका प्रवाहापायी बाकीच्यांचीही कामं अडतात. एवढं करायची गरज नसते. अपाची कॅमल ही वेगवेगळ्या सिस्टिममधला डेटा इकडून तिकडे नेणारी जावाची लायब्ररी; तिच्यात अशा प्रत्येक प्रवाहाला, म्हणजे राउटला, स्वतःचं सुरू-बंद असतं आणि ते चालत्या ॲप्लिकेशनमध्ये कोडमधून हलवता येतं.

सुरू करणं खरोखर एका ओळीचं काम आहे. बंद करणंही दिसायला एकाच ओळीचं आहे, पण गुंता सगळा त्याच ओळीत असल्यामुळे या लेखाचा मोठा भाग तिच्यावरच खर्च केला आहे.

तुम्हाला जावा येतं आणि कॅमलचा एखादा साधा राउट तुम्ही लिहून चालवला आहे, एवढं धरून चालतो. उदाहरणं कॅमल ४ ची आहेत. त्याला किमान जावा १७ लागतं. मेथडची नावं इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. एडिटरमध्ये डॉट दिल्यावर जी यादी उघडते, तिच्यात ती सहज ओळखू येतील.

आधी राउटला नाव द्या

ही पायरी बहुतेक जण वगळतात आणि पुढे अडतात. राउटला आयडी दिला नाही, तर कॅमल स्वतःच्या मनाने ‘राउट१’, ‘राउट२’ अशी नावं देतो. ती क्रमाने पडत असल्यामुळे उद्या कुणी मध्येच एक नवा राउट लिहिला, की कालचा ‘राउट२’ आज ‘राउट३’ होतो आणि ‘राउट२’ बंद करणारा तुमचा कोड भलत्याचंच तोंड बंद करतो. म्हणून:

फ्रॉम("फाइल:ऑर्डरी")
  .राउटआयडी("ऑर्डर-आयात")
  .ऑटोस्टार्टअप(फॉल्स)
  .टू("डायरेक्ट:स्टॉक-वजा");

ऑर्डरींचा फोल्डर बघणारा हा राउट आपण लेखभर वापरू. ‘ऑटोस्टार्टअप’ला ‘फॉल्स’ दिल्यामुळे ॲप्लिकेशन उठलं तरी हा राउट स्वतःहून सुरू होत नाही. त्याची व्याख्या तयार असते, तपासलेली असते, फक्त तो काम घ्यायला लागलेला नसतो. ‘फॉल्स’ थेट कोडात लिहिण्यापेक्षा तिथे प्रॉपर्टीचा प्लेसहोल्डर (सेटिंगच्या फाइलमधून भरली जाणारी जागा) द्यावा, असं माझं मत आहे. मग टेस्ट सर्व्हरवर बंद आणि प्रॉडक्शनवर चालू, हे कोडला हात न लावता ठरवता येतं.

आयडीची अक्षरं एका जागी कॉन्स्टंट म्हणून ठेवा. कारण लगेच येतं आहे.

सुरू करणे

राउट हलवायची सगळी बटणं ‘राउट कंट्रोलर’ या ऑब्जेक्टवर असतात आणि तो कॅमल कॉन्टेक्स्टकडून, म्हणजे सगळे राउट सांभाळणाऱ्या मुख्य ऑब्जेक्टकडून, मिळतो:

कॉन्टेक्स्ट.गेटराउटकंट्रोलर().स्टार्टराउट("ऑर्डर-आयात");

झालं. स्प्रिंग बूट वापरत असाल तर कॅमल कॉन्टेक्स्ट तुमच्या क्लासच्या कन्स्ट्रक्टरमध्ये मागून घ्या. प्रोसेसरच्या, म्हणजे राउटमध्ये बसवलेल्या तुमच्या स्वतःच्या कोडच्या, आत असाल तर हातातल्या एक्स्चेंजकडूनच (निरोप ज्यात येतो ते ऑब्जेक्ट) ‘गेटकॉन्टेक्स्ट’ मिळतो.

तीन गोष्टी लक्षात ठेवायच्या. इंटरनेटवरच्या जुन्या उत्तरांत ‘स्टार्टराउट’ थेट कॉन्टेक्स्टवर केलेलं दिसेल. कॅमल २ मध्ये तसंच होतं, कॅमल ३ पासून त्या मेथड राउट कंट्रोलरवर हलवल्या गेल्या. कोड कम्पाइल होत नसेल तर आधी ही शंका घ्या. दुसरं, ही मेथड चेक्ड एक्सेप्शन फेकते: हव्या त्या पोर्टवर दुसराच कुणी बसला असेल, फोल्डर तयार करायची परवानगी नसेल, तर तक्रार इथेच येते. रिकाम्या कॅच ब्लॉकमध्ये ती गिळू नका.

तिसरी गोष्ट जास्त फसवी आहे. आयडी चुकीचा लिहिला तर डिफॉल्ट राउट कंट्रोलर ओरडत नाही. ‘ऑर्डर-आयात’च्या जागी ‘ऑर्डर_आयात’ दिलं, की मेथड निमूट परत येते, एक्सेप्शन नाही, लॉगमध्ये काही नाही, आणि राउट जिथल्या तिथे. म्हणून कॉन्स्टंट, आणि म्हणूनच हाक मारल्यानंतर स्थिती विचारून घ्यायची सवय:

कॉन्टेक्स्ट.गेटराउटकंट्रोलर().गेटराउटस्टेटस("ऑर्डर-आयात");

राउट अस्तित्वात असेल तर ‘स्टार्टेड’, ‘स्टॉप्ड’, ‘सस्पेंडेड’ यांसारखं उत्तर येतं. त्या नावाचा राउटच नसेल तर ‘नल’ येतं. आधीच चालू असलेल्या राउटला पुन्हा ‘स्टार्टराउट’ केलं तर बिघडत काही नाही, त्यामुळे ‘चालू नसेल तरच सुरू कर’ असा वेगळा कोड लिहायची तसदी घेऊ नका.

बंद करणे: ही ओळ परत यायला वेळ का लागतो

कॉन्टेक्स्ट.गेटराउटकंट्रोलर().स्टॉपराउट("ऑर्डर-आयात");

ही ओळ चालवली की नवख्या माणसाला वाटतं, राउट त्या क्षणी थांबला. तसं होत नाही, आणि तसं होऊ नये. दुकान बंद करताना शटर अर्धं खाली ओढतात: नवं गिऱ्हाईक आत येत नाही, पण आत असलेल्यांचं बिल होऊन ते बाहेर पडेपर्यंत मालक थांबतो. कॅमल हेच करतो. तो आधी राउटच्या तोंडाशी बसलेल्या कन्झ्युमरला थांबवतो, म्हणजे आपल्या उदाहरणात फोल्डर बघणं बंद होतं. मग राउटमध्ये आधीच शिरलेले निरोप (मेसेज) शेवटपर्यंत पोचायची वाट बघतो. अशा अर्ध्या वाटेवरच्या निरोपांना कॅमलच्या लॉगमध्ये ‘इनफ्लाइट’ म्हणतात. ते शून्यावर आले की राउट बंद होतो आणि तेव्हाच तुमची ओळ परत येते. तोवर ती ओळ चालवणारा थ्रेड तिथेच उभा असतो.

किती वेळ उभा? ठरवलं नसेल तर कमाल ४५ सेकंद. कॅमल २ मध्ये हाच आकडा ३०० सेकंद होता, त्यामुळे जुन्या प्रोजेक्टमध्ये ‘बंद करायला पाच मिनिटं लागतात’ अशी समजूत अजून सापडते. वाट बघत असताना लॉगमध्ये किती निरोप बाकी आहेत आणि किती सेकंद उरले आहेत, याची ओळ पुन्हा पुन्हा पडत राहते. ती ओळ वाचायला शिका. तिच्यात राउटचं नाव आणि त्यात किती निरोप अडकले आहेत तेही असतं, पण अडकायचं खरं कारण तुम्ही बंद करत असलेल्या राउटमध्ये नसून त्याने ज्याला काम दिलं त्या राउटमध्येही असू शकतं.

मुदत संपली आणि निरोप संपले नाहीत, तर कॅमल बळजबरीने बंद करतो. आपल्या फाइलच्या राउटमध्ये याचा अर्थ नीट समजून घ्या. फाइल कन्झ्युमर नेहमीच्या सेटिंगमध्ये फाइल पूर्ण वाचून, राउट यशस्वी झाल्यावरच ती ‘.कॅमल’ नावाच्या सबफोल्डरमध्ये हलवतो. मध्येच तोडलं तर फाइल मूळ फोल्डरात राहू शकते आणि राउट पुन्हा सुरू केल्यावर ती परत उचलली जाते. पहिल्या फेरीत पन्नास ओळींचा स्टॉक वजा झाला असेल तर दुसऱ्या फेरीत त्याच पन्नास ओळी पुन्हा वजा होतील. याला उतारा दोन ठिकाणी असतो: डेटाबेसचं काम एका ट्रान्झॅक्शनमध्ये बांधा, आणि ऑर्डर क्रमांकावर आयडेम्पोटंट कन्झ्युमर लावा, म्हणजे एकदा होऊन गेलेली ऑर्डर दुसऱ्यांदा आली तर सोडून दिली जाईल. राउट बंद-सुरू करणारा कोड लिहायच्या आधी ही व्यवस्था असली पाहिजे. ती नसेल तर बंद करायचं बटण द्यायची घाई करू नका.

मुदत तुम्हाला ठरवता येते. ‘स्टॉपराउट’च्याच दुसऱ्या रूपात आयडीनंतर आकडा आणि एकक द्यायचं: १२० आणि ‘टाइमयुनिट.सेकंड्स’. तिसरं रूप मला सगळ्यात कामाचं वाटतं, कारण त्यात शेवटी एक बूलियन असतं:

बूलियन थांबला = कंट्रोलर.स्टॉपराउट("ऑर्डर-आयात", २०, टाइमयुनिट.सेकंड्स, ट्रू);

शेवटचं ‘ट्रू’ म्हणजे, वीस सेकंदांत सगळं उरकलं नाही तर बळजबरी करू नकोस, बंद करायचा बेत रद्द कर. तसं झालं तर उत्तर ‘फॉल्स’ येतं आणि कॅमल राउट पुन्हा पूर्ववत चालू करतो. मालमोजणीसारख्या कामाला हे उत्तम: ‘अजून काम चालू आहे, दोन मिनिटांनी पुन्हा प्रयत्न करा’ असं पडद्यावर दाखवता येतं आणि एकही ऑर्डर अर्धवट राहत नाही. उत्तर न बघताच पुढे गेलात तर मात्र राउट चालू आणि तुम्ही समजताय बंद, अशी अवस्था होईल.

फाइलबद्दल आणखी एक. फाइल कन्झ्युमर एका फेरीत फोल्डरातल्या सगळ्या फाइलींची यादी घेऊन बसतो. दोनशे फाइली पडल्या असतील आणि तिसरी चालू असताना तुम्ही बंद करायला सांगितलं, तर नेहमीच्या सेटिंगमध्ये तिसरी पुरी होते आणि बाकीच्या तशाच राहतात, पुढच्या वेळी उचलल्या जायला. सगळी यादी संपवूनच थांबायचं असेल तर राउटवर ‘शटडाउनरनिंगटास्क’ला ‘कम्प्लीटऑलटास्क्स’ द्यावं लागतं. मग मुदतही त्या हिशेबाने वाढवा.

राउटने स्वतःलाच बंद करणे

आता ज्या जागी जवळजवळ प्रत्येक जण एकदा तरी अडकतो ती जागा. गरज अशी असते: दिवसाची शेवटची फाइल ‘समाप्त’ नावाने येते, ती आली की राउट बंद व्हावा. सरळ मार्ग म्हणून प्रोसेसरमध्ये फाइलचं नाव तपासून तिथेच ‘स्टॉपराउट’ लिहिलं जातं.

यात काय होतं ते वर सांगितलेल्या क्रमाने बघा. ‘स्टॉपराउट’ इनफ्लाइट निरोप संपायची वाट बघतं. इनफ्लाइट निरोप एकच आहे, ‘समाप्त’ ही फाइल. आणि ती फाइल ज्या थ्रेडवर पुढे सरकायची, तोच थ्रेड ‘स्टॉपराउट’मध्ये उभा आहे. निरोप थ्रेडची वाट बघतोय, थ्रेड निरोपाची. ४५ सेकंद लॉगमध्ये ‘एक निरोप बाकी’ असं येत राहतं आणि शेवटी बळजबरीने बंद. वरकरणी राउट थांबतो, त्यामुळे चूक महिनोन् महिने लक्षात येत नाही. फक्त रोज संध्याकाळी पाऊण मिनिट वाया जातं आणि शेवटच्या फाइलचं काय झालं याची खात्री नसते.

सुटका एकच: बंद करायचा हुकूम दुसऱ्या थ्रेडवरून द्यायचा. प्रोसेसरमध्ये नवा थ्रेड तयार करून त्यात ‘स्टॉपराउट’ लिहा, थ्रेड सुरू करा आणि प्रोसेसरमधून लगेच बाहेर पडा. फाइल तिच्या वाटेने पुढे जाते, पूर्ण होते, हलवली जाते, आणि मग दुसरा थ्रेड शांतपणे राउट बंद करतो. अडकून बसणारं कुणी उरत नाही.

स्वतः थ्रेड लिहायचा कंटाळा असेल तर कॅमलमध्ये ‘कंट्रोल बस’ नावाचा कम्पोनंट आहे. तो साध्या एंडपॉइंटसारखा वापरायचा:

.टू("कंट्रोलबस:राउट?राउटआयडी=करंट&ॲक्शन=स्टॉप&असिंक=ट्रू")

‘करंट’ म्हणजे ज्यात ही ओळ आहे तोच राउट. ‘असिंक=ट्रू’ विसरलात तर वरचाच गुंता पुन्हा होईल, कारण मग हुकूम त्याच थ्रेडवर चालतो. ‘ॲक्शन’मध्ये ‘स्टार्ट’, ‘स्टॉप’, ‘सस्पेंड’, ‘रिझ्यूम’, ‘रीस्टार्ट’, ‘स्टेटस’ हे सगळे चालतात. राउटची व्याख्या जावाऐवजी एक्सएमएल किंवा वायएएमएलमध्ये लिहिणाऱ्यांना तर हाच मार्ग सोयीचा.

याच जातीचा दुसरा, जरा सौम्य प्रकार: ‘बंद करा’ बटणासाठी एचटीटीपीचा एक राउट असतो आणि तो ‘ऑर्डर-आयात’ बंद करतो. इथे राउट वेगळे असल्यामुळे कोंडी होत नाही, पण बटण दाबणाऱ्याचा ब्राउझर ४५ सेकंदांपर्यंत गोल फिरत बसतो, मग माणूस वैतागून पुन्हा दाबतो. हुकूम मागच्या थ्रेडवर टाका, ‘विनंती घेतली’ एवढं उत्तर लगेच द्या आणि स्थिती विचारायला वेगळा पत्ता ठेवा. त्या पत्त्याला लॉगिन हवंच, आणि आलेला आयडी थेट कंट्रोलरला न देता परवानगी असलेल्या नावांच्या छोट्या यादीशी ताडून घ्या. कोणी, केव्हा, कोणता राउट बंद केला, हे लॉगमध्ये लिहा. सकाळी ‘ऑर्डरी का येत नाहीत’ असा फोन येतो तेव्हा ‘स्टॉप्ड’ एवढी स्थिती पुरत नाही. राउट कुणी बंद केला, हे कॅमल तुम्हाला सांगणार नाही.

नुसतं थोपवून धरणे

थोड्या वेळासाठी थांबवायचं असेल तर ‘सस्पेंडराउट’ आणि परत चालू करायला ‘रिझ्यूमराउट’ आहे. ‘स्टॉप’मध्ये कन्झ्युमर मोडून ठेवला जातो आणि पुन्हा सुरू करताना नव्याने उभा राहतो. ‘सस्पेंड’मध्ये तो जागेवरच असतो, फक्त काम घेत नाही. फाइलच्या राउटला दोन्हींत फारसा फरक जाणवणार नाही. एचटीटीपी ऐकणाऱ्या राउटला जाणवतो: सर्व्हलेट किंवा जेट्टीवरचा राउट सस्पेंड असताना विनंती आली तर तिला ५०३ असं उत्तर जातं, म्हणजे समोरच्याला ‘सध्या सेवा नाही, नंतर या’ असं कळतं. ‘स्टॉप’च्या मानाने हे सभ्य आहे. ज्या कन्झ्युमरला सस्पेंड होणं जमतच नाही, त्याच्या बाबतीत कॅमल ‘सस्पेंड’चा अर्थ सरळ ‘स्टॉप’ असा घेतो.

दिवसात चारदा थांबवायचं असेल तर सस्पेंड, रात्रभर किंवा अनिश्चित काळासाठी असेल तर स्टॉप, असा ढोबळ नियम मी पाळतो.

तोंडाशी बंद करा, पोटात नाही

आपला राउट ‘डायरेक्ट:स्टॉक-वजा’कडे काम देतो. ‘डायरेक्ट’ हा एका राउटमधून दुसऱ्याला थेट काम देणारा दुवा, म्हणजे ‘स्टॉक-वजा’ हा वेगळा राउट आहे. मालमोजणीच्या वेळी खरं तर स्टॉक वजा होणंच थांबवायचं आहे, मग तोच राउट बंद केला तर? तर्क बरोबर वाटतो, पण परिणाम वाईट. ‘स्टॉपराउट’ फक्त दिलेला राउट बंद करतं, त्याला काम देणाऱ्यांना ते थांबवत नाही. ‘ऑर्डर-आयात’ फाइली उचलतच राहील. ‘डायरेक्ट’च्या पलीकडे कुणी नसेल तर निरोप देणारा डिफॉल्टने ३० सेकंद थांबतो आणि मग एक्सेप्शन मिळतं. एकेक फाइल अर्धा मिनिट अडणार आणि मग फसणार. एरर हँडलिंगमध्ये फसलेल्या फाइली वेगळ्या फोल्डरात हलवायची सोय असेल, तर मोजणी संपेपर्यंत चांगल्या ऑर्डरींचा ढीग तिथे साचलेला असेल.

मधला दुवा ‘सेडा’ असेल तर चित्र वेगळं, पण बरं नाही. तिथे निरोप मेमरीतल्या रांगेत साचतात. रांगेची मर्यादा सांगितली नसेल तर ती १०००. भरली की पुढच्याला एक्सेप्शन. आणि मेमरीतली रांग असल्यामुळे सर्व्हर कोसळला की रांगही गेली.

म्हणून जिथून काम आत येतं तो राउट बंद करा. फाइल असेल तर ऑर्डरी फोल्डरात पडून राहतील, क्यू असेल तर ब्रोकरकडे (निरोपांच्या रांगा सांभाळणाऱ्या सर्व्हरकडे) साचतील. दोन्ही जागा सहसा डिस्कवरच्या असतात आणि कुणाचं काही बिघडत नाही. अनेक राउट एकत्र बंद करायचे असतील तर क्रम हाच: आधी तोंडाचे, मग आतले. सुरू करताना उलट. पूर्ण कॉन्टेक्स्ट सुरू-बंद होताना हा क्रम ‘स्टार्टअपऑर्डर’ने देता येतो, लहान आकड्याचा राउट आधी सुरू होतो आणि बंद होताना क्रम उलटतो. स्वतःचे आकडे १००० च्या खाली ठेवा, कारण ज्यांना आकडा दिलेला नाही त्यांना कॅमल १००० पासून पुढचे वाटतो.

काफ्का वापरणाऱ्यांनी एवढं धरून चालावं, की राउट बंद केला की त्याचा कन्झ्युमर ग्रुपमधून बाहेर पडतो आणि पार्टिशनांची पुन्हा वाटणी होते. दर पाच मिनिटांनी बंद-चालू करणारा कोड तिथे बाकीच्या सर्व्हरांनाही त्रास देतो.

घड्याळावर सोडून द्या

रोज ठरलेल्या वेळीच सुरू-बंद व्हायचं असेल तर स्वतः टायमर लिहू नका. ‘राउट पॉलिसी’ नावाची सोय आहे आणि क्वार्ट्झ या वेळापत्रकाच्या लायब्ररीच्या कम्पोनंटबरोबर ‘क्रॉनशेड्यूल्डराउटपॉलिसी’ तयार मिळते. सुरू होण्याची आणि बंद होण्याची क्रॉन ओळ (वेळ सांगणारा ठरलेला मजकूर) द्यायची आणि ती पॉलिसी राउटवर लावायची. सोबत ऑटोस्टार्टअप बंद ठेवा, नाहीतर रात्री डिप्लॉयमेंट केलं की राउटही रात्रीच जागा होईल. दिवसा मध्येच ॲप्लिकेशन रीस्टार्ट झालं तर तुमच्या आवृत्तीत राउट लगेच सुरू होतो की दुसऱ्या दिवशीच्या वेळेची वाट बघतो, हे टेस्ट सर्व्हरवर एकदा करून बघा.

टाइमझोन विसरू नका. कंटेनर सहसा यूटीसीवर असतात. तिथे ‘सकाळी नऊ’ लिहिलं तर आपल्याकडे दुपारचे अडीच वाजलेले असतात. पॉलिसीला टाइमझोन देता येतो, ‘एशिया/कोलकाता’ द्या.

कामाचा ताण बघून आपोआप थोपवणारी ‘थ्रॉटलिंगइनफ्लाइटराउटपॉलिसी’ही आहे. नेहमीच्या सेटिंगमध्ये इनफ्लाइट निरोप १००० च्या वर गेले की ती कन्झ्युमर थांबवते आणि ७० टक्क्यांवर उतरले की पुन्हा सोडते. सुरुवातीला तिची गरज पडत नाही.

नवा राउट जोडणे, जुना काढणे

चालत्या कॉन्टेक्स्टला ‘ॲडराउट्स’ने नवा राउट देता येतो, कॉन्टेक्स्ट चालू असेल तर तोही लगेच सुरू होतो, अर्थात ऑटोस्टार्टअप बंद केला नसेल तर. काढायचा असेल तर आधी बंद करून मगच ‘रिमूव्हराउट’. चालू राउटवर ही मेथड ‘फॉल्स’ देते आणि काही करत नाही. प्रत्येक नव्या डीलरसाठी राउट जोडायचा मोह होतो, पण राउट एकच ठेवून डीलरचा फरक डेटात ठेवणं बहुतेक वेळा सोपं पडतं.

प्रॉडक्शनवर नेण्याआधी

कॅमल बंद केलेल्या राउटची आठवण कुठेही लिहून ठेवत नाही. तुम्ही संध्याकाळी सहाला ‘ऑर्डर-आयात’ बंद केला, सातला सर्व्हर काही कारणाने रीस्टार्ट झाला, आणि ऑटोस्टार्टअप ‘ट्रू’ असेल तर राउट सातलाच पुन्हा सुरू, मोजणी अर्धवट असताना. म्हणून ‘हा राउट सध्या चालू असावा की नाही’ ही नोंद डेटाबेसच्या एका टेबलात ठेवा, ऑटोस्टार्टअप ‘फॉल्स’ ठेवा, आणि ॲप्लिकेशन उठल्यावर टेबल वाचून ज्यांना परवानगी आहे तेवढेच सुरू करा. बटण दाबल्यावर आधी टेबल बदलायचं, मग राउटला हात लावायचा.

याच टेबलामुळे दुसरा प्रश्नही सुटतो. एकच ॲप्लिकेशन तीन पॉडमध्ये, म्हणजे कुबरनेटीसवरच्या तीन वेगळ्या प्रतींत, चालत असेल, तर तुमची ‘स्टॉपराउट’ची विनंती लोड बॅलन्सर (विनंत्या वाटून देणारा) ज्या पॉडकडे पाठवेल तेवढ्याच पॉडमधला राउट बंद होतो. बाकीचे दोन काम घेत राहतात. प्रत्येक पॉडने टेबल दर काही सेकंदांनी बघून स्वतःला जुळवून घेणं, हा साधा आणि पुरेसा मार्ग आहे. टेबल बघायचं काम राउटने केलं तरी हरकत नाही, फक्त तो राउट स्वतःला बंद करणार नाही एवढं पाहा.

मग मुदतींचा मेळ घाला. कुबरनेटीस पॉड बंद करताना आधी सौम्य सिग्नल देतो आणि डिफॉल्टने ३० सेकंदांनी प्रोसेस मारून टाकतो. ‘डॉकर स्टॉप’ तर सामान्यतः १० सेकंदच थांबतं. कॅमल मात्र ४५ सेकंद सभ्यपणे वाट बघायच्या तयारीत असतो. म्हणजे काहीही न बदलता प्रॉडक्शनवर गेलात, तर कॅमलची मुदत संपायच्या आधीच प्रोसेस गेलेली असते आणि इनफ्लाइट निरोपांचं काय झालं याची लॉगमध्ये ओळही नसते. तुमच्या राउटमधला सगळ्यात लांब निरोप किती वेळ घेतो ते मोजा, कॅमलची शटडाउनची मुदत त्याहून थोडी जास्त ठेवा, आणि पॉडची मुदत कॅमलच्या मुदतीपेक्षा दहा-पंधरा सेकंदांनी जास्त.

शेवटी टेस्ट. फोल्डरात एक मोठी फाइल टाका, ती चालू असताना वीस सेकंदांच्या मुदतीने आणि ‘ट्रू’ देऊन राउट बंद करायला सांगा. उत्तर ‘फॉल्स’ आलं, स्थिती ‘स्टार्टेड’ राहिली आणि फाइल शेवटी ‘.कॅमल’मध्ये पोचली, की पहिला भाग झाला. मग तीच फाइल चालू असताना प्रोसेस सरळ ‘किल -९’ने मारा, ॲप्लिकेशन पुन्हा उठवा आणि स्टॉकच्या टेबलात कोणतीही ओळ दोनदा वजा झाली आहे का ते बघा. झाली असेल तर आयडेम्पोटंट कन्झ्युमरच्या पायरीकडे परत जा.